ताप म्हणायचं नाही

आमच्या ऑफिसात ‘ताप’ हा शब्द वापरायची सोय नव्हती. म्हणजे मराठीत. कॉफीच्या मशीनपाशी आम्ही तीन-चार मराठी माणसं उभी असलो आणि कोणी सहज म्हणालं, “काय डोक्याला ताप आहे यार ही मीटिंग,” की सर जिथे असतील तिथून गर्रकन वळायचे.

“कटकट म्हण. वैताग म्हण. पीडा म्हण. मराठीत शब्दांना काय तोटा आलाय? ताप म्हणजे ताप. असा येता-जाता वापरून गुळगुळीत केलात, तर खरा येईल तेव्हा कळणार कसा?”

नवा माणूस हसायचा. मग आजूबाजूचे हसत नाहीत हे बघून ओशाळायचा. नंतर कोणीतरी त्याला बाजूला घेऊन सरांच्या मुलीबद्दल सांगायचं.

जर्मनीत झिंडेलफिंगेनजवळ गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी लागले, तेव्हा सर तिथे जुने झालेले होते. मूळचे कराडचे. उंच, किंचित पोक आलेले, डोक्यावर केस कमी आणि कानांवर जास्त. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी थर्मामीटर. कडाक्याच्या थंडीतही त्यांच्या टेबलामागची खिडकी उघडी असायची. खोलीत वारा खेळला पाहिजे ही गोष्ट जर्मनांना पटते, पण सरांच्या खोलीत जर्मनसुद्धा जॅकेट घालून बसायचे. एकदा एक सहकारी वैतागून म्हणाला, “आल्झो, म्हणजे आपण गिअरबॉक्स बनवतो की आइस्क्रीम?” सरांनी त्याला स्वतःची शाल दिली. खिडकी काही लावली नाही.

त्यांचं काम म्हणजे बिघाडाचं कारण शोधणं. ग्राहकाकडून तक्रार येऊन परत आलेला भाग उघडायचा आणि तो का बिघडला ते सांगायचं. “बिनकारणाचा बिघाड नसतो. कारण सापडलेलं नसतं, एवढंच,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिवसातून एकदा तरी ते कोणाच्या तरी कानावर पडायचंच. एका गाडीत मागून कसलासा बारीक आवाज येत होता. सगळ्यांनी नाद सोडला होता. सर मागच्या सीटखाली आडवे झाले, कान पत्र्याला लावला आणि आमच्या एका जर्मन सहकाऱ्याला म्हणाले, चालव. तो बिचारा गावातून गाडी चालवत राहिला. मागे दोन पाय वर आलेले बघून कोणीतरी पोलिसांना कळवलं. पोलिसांनी गाडी थांबवून दार उघडलं, तर सर डोळे मिटून पडलेले. पोलिसाने घाबरून विचारलं, “हे जिवंत आहेत ना?” सर डोळे न उघडता म्हणाले, “जरा गप्प राहा. आत्ता ऐकू यायला लागला होता.”

एक चाप अर्धवट बसला होता, एवढंच ते कारण. दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्या मजल्याला नारळाच्या वड्या वाटल्या. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने केलेल्या. कारण सापडलं की सरांचा चेहरा लहान मुलासारखा व्हायचा.

त्यांची लेक तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेल. सर तिला ‘राणीसरकार’ म्हणत. तिला मान धरता येत नसे, बोलता येत नसे, अन्न पोटात नळीने जाई, आणि मधूनच अंगाला झटके येत. तिला काय कळतं, काय नाही, हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. पण कोणी शिंकलं की ती हसायची. खदखदून, सगळं अंग हलवून. त्यामुळे सर रस्त्यात, बसमध्ये, दुकानाच्या रांगेत, कुठेही खोटं खोटं शिंकत. लोक दूर सरकायचे. सर नाक पुसल्यासारखं करून पुन्हा शिंकायचे. राणीसरकारांच्या चाकांच्या खुर्चीतून हसू फुटायचं आणि सर आजूबाजूच्या लोकांकडे असे बघायचे, की ऐकलंत ना?

मला दिवस गेल्याचं मी ऑफिसात सांगितलं, त्या दिवशी दुपारी जेवताना सर माझ्यासमोर येऊन बसले. अभिनंदन केलं आणि लगेच सगळं सांगायला लागले. त्यांनी ते इतक्यांना सांगितलं होतं, की वाक्यं पाठ झालेली होती. वहिनींचं पाणी आधी गेलं. कळा लांबल्या. दुखणं सोसवेना, म्हणून कमरेतून इंजेक्शन दिलं. मग कधीतरी ताप चढला. हेबामे, म्हणजे तिथली सुईण, आत आली, तिने हात लावून बघितलं आणि धावपळ सुरू झाली. पोटातल्या बाळाचे ठोके पळायला लागले होते. कमरेच्या इंजेक्शनानेही असा ताप कधी येतो, आणि गर्भपिशवीत जंतू शिरल्यानेही येतो. कुठला ते लगेच सांगता येत नाही. ऑपरेशन करून मुलगी बाहेर काढली, तर अंगात जीव नसल्यासारखी. रडली नाही. तिला थंड गादीवर ठेवलं, मेंदूला आणखी इजा होऊ नये म्हणून. इकडे वहिनींचं रक्त थांबेना. शेवटी त्यांची पिशवी काढावी लागली.

“म्हणजे दुसरं मूल नाही,” सर म्हणाले. माझ्या ताटातला भात गार झाला होता. “कुणीतरी कुठेतरी उशीर केला. मी शोधून काढणार आहे. दवाखान्यावर केस आहे आपली. तज्ज्ञांचा दुसरा अहवाल येणार आहे, गुटआख्टेन. तू फक्त एक कर. अंग गरम वाटलं की बोल. संकोच करायचा नाही. बोलायचं.”

मी हो म्हटलं.

मराठी मंडळींत या एका विषयामुळे सरांचं नाव खराब झालेलं होतं. कोणाकडे गोड बातमी असली की ती सरांपासून लपवली जाई. माझं डोहाळजेवण आमच्या मैत्रिणीच्या घरी केलं, तेव्हा सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. फुलांचे दागिने त्यांनी कुठून कुठून मागवले होते. पेढा की बर्फी ते ओळखायच्या झाकलेल्या वाट्या समोर आणल्या होत्या, तेवढ्यात सर आले. वहिनींना बोलावणं होतं. पण लेकीला बरं नव्हतं म्हणून त्या घरी थांबल्या आणि त्यांच्याऐवजी सर आले. हातात वड्यांचा डबा. आल्या आल्या म्हणाले, “एक मिनिट सगळ्यांनी ऐका. इथे अजून दोघी-तिघी आहेत म्हणून सांगतो. कळा चालू असताना ताप आला…”

“अहो,” सासूबाई म्हणाल्या, “ओटी भरायच्या दिवशी कसलं काय काढताय? शुभ बोला हो.”

“काकू, शुभ बोलून जंतू जात नाहीत.”

वाटीवर ठेवलेला माझा हात तसाच राहिला. मग मैत्रिणीच्या नवऱ्याने सरांच्या हातात ताटली दिली आणि “सर, बाल्कनीत मस्त ऊन आहे,” म्हणत त्यांना बाहेर नेऊन बसवलं. काचेतून दिसत होते. एकटेच, खाली मान घालून जेवत होते. नंतर कोणी न सांगता त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन सगळी भांडी घासली आणि निरोप न घेता गेले. सासूबाईंनी रात्री माझी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली.

आणि मला ताप आला.

याला काय म्हणायचं, मला माहीत नाही. पाणी आधी गेलं, कळा लांबल्या, कमरेतून इंजेक्शन घेतलं. सगळं सरांनी सांगितल्यासारखंच. दुपारचं ऊन खोलीत आलेलं होतं आणि मला मात्र हुडहुडी भरली. दात वाजायला लागले. अंग गरम वाटलंच नाही, उलट मला पांघरूण हवं होतं. मी नवऱ्याला म्हटलं, थंडी वाजतेय रे. तो चादर उचलत होता, तेवढ्यात हेबामे आत आली. तिने त्याच्या हातातली चादर काढून घेतली आणि माझ्या कपाळावर तळवा ठेवला. मग खोली माणसांनी भरली. मॉनिटरवर बाळाचे ठोके इतके भरभर वाजत होते, की दोन ठोके वेगळे ऐकू येईनात. हातात सुई गेली, बाटली लागली. कोणी माझ्याशी बोलत होतं, “गेनाऊ, असंच, छान,” आणि मला फक्त थंड गादीवर ठेवलेलं बाळ दिसत होतं.

ऑपरेशन झालं. मुलगा झाला. तो रडला नाही. त्याला कोपऱ्यात नेलं. पडद्यापलीकडे काय चाललंय ते दिसेना, आणि नवऱ्याने माझा हात इतका आवळला की अंगठी रुतली. मग एक चिरका, नाराज आवाज आला. थांबला. पुन्हा आला. मग थांबेचना.

त्याला नवजातांच्या विभागात ठेवलं. काडीसारख्या हाताला सुई लावून औषध दिलं, रक्त तपासत राहिले. मला खूप रक्तस्राव झाला होता. उठून बसले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. पण पिशवी राहिली. मुलगाही सुधारला. दूध ओढायला लागला, आणि आम्ही घरी आलो. सासूबाई फोनवर पुण्याला सगळ्यांना सांगत होत्या, “त्या माणसाची जीभच काळी!”

बातमी सरांपर्यंत गेलीच. एका रविवारी सर, वहिनी आणि राणीसरकार, तिघेही आले. सरांनी लेकीची खुर्ची खिडकीपाशी लावली, तिच्या मानेखालची उशी सारखी केली आणि बाळाकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्यासमोर बसले.

“आधी पाणी गेलं?”

“हो.”

“ताप कळल्यावर औषध कधी लावलं?”

“लगेच, सर.”

“आमच्याकडेपण लगेच.” ते थांबले. “ऑपरेशन?”

“थोडा वेळ वाट बघितली. ठोके खाली येईनात, तेव्हा नेलं.”

“आमच्याकडेपण.”

ते विचारत गेले आणि मी सांगत गेले. कुठलं औषध, कोण आलं, काय म्हणालं. एकेका उत्तरागणिक ते खुर्चीत खाली खाली जात होते. इतकी वर्षं त्यांनी धरून ठेवलेलं होतं, की काहीतरी राहिलं, कोणीतरी उशीर केला. आणि इथे सगळं तसंच झालेलं होतं, त्याच क्रमाने, आणि माझं मूल वहिनींच्या मांडीवर झोपलेलं होतं.

“मग फरक काय?” त्यांनी विचारलं.

माझा नवरा हळूच म्हणाला, “नशीब, सर.”

सरांनी त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने मान खाली घातली.

वहिनींचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. बाळाच्या टाळूवर नाक टेकून त्या डोळे मिटून बसल्या होत्या. मी म्हटलं, “वहिनी, हात अवघडला असेल, द्या.” त्या म्हणाल्या, “राहू दे गं थोडा वेळ.” आणि तेवढ्यात बाळ शिंकलं. इवलीशी शिंक. खिडकीपाशी राणीसरकार हसल्या. खदखदून, सगळी खुर्ची हलवत. वहिनी हसल्या, मी हसले, आणि मग सरांकडे बघून आम्ही दोघी थांबलो. ते लेकीकडे बघत होते. ती एकटीच बराच वेळ हसत होती.

मी मुलाच्या संगोपनाच्या रजेवर असताना दवाखान्याच्या केसमधला दुसरा अहवालही आला. पहिल्यासारखाच. जे करायला हवं होतं ते वेळेवर केलं गेलं. इतकं करूनही काही बाळांना इजा होते. सरांनी केस मागे घेतली. वकील म्हणत होता अजून वर जाता येईल, पण सरांनी ऐकलं नाही, असं कोणीतरी सांगितलं.

रजा संपवून मी परतले, तर त्यांच्या टेबलामागची खिडकी बंद होती. खोली उबदार होती, सगळे शर्टावर बसलेले, आणि मला तिथे घुसमटल्यासारखं झालं. आलेले भाग सर उघडत, बघत, आणि अहवालात लिहीत, कारण सापडलं नाही. सही करत. पुढचा भाग घेत. आमचे वरचे साहेब खूश होते, कामं भराभर निकालात निघत होती. एक नवीन मुलगी एकदा त्यांच्यासमोरच म्हणाली, “हा सप्लायर म्हणजे नुसता ताप आहे.” मी दचकून सरांकडे बघितलं. ते म्हणाले, “हो ना.”

त्यानंतर वहिनींनी एका शनिवारी मला जेवायला बोलावलं. एकटीला. मी गेले, तर सर आतल्या खोलीत लेकीजवळ होते. बाहेर आले नाहीत. वहिनी पोळ्या करत होत्या. त्यांची पोळी लाटण्याची पद्धत फार सुरेख होती. लाटणं पोळीला टेकतं की नाही, कळायचं नाही. त्या दिवशी पोळ्या फाटत होत्या.

“बोलत नाहीत माझ्याशी,” त्या म्हणाल्या. “केस काढून घेतली ना, त्यानंतर एक दिवस जेवता जेवता म्हणाले, तुला कळलं असणार. अंग तुझं होतं. तूच बोलायला हवं होतंस.”

मी पिठाचा डबा त्यांच्याकडे सरकवला.

“दवाखान्यावर राग होता ना, तोवर मला बरं होतं गं. मला वाटायचं, ही केस कधी संपूच नये.”

“वहिनी, तुम्ही त्यांना सांगा ना. ताप असा कळत नाही. मलासुद्धा गरम वाटलंच नव्हतं, थंडीच वाजत होती…”

त्यांनी तवा खाली उतरवला. दार लोटलेलं आहे का ते बघितलं.

“मी बोलले होते,” त्या म्हणाल्या. “खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, अहो, मला थंडी वाजतेय. यांनी अंगातलं जॅकेट काढून माझ्यावर घातलं. वरून चादर. माझे पाय चोळत बसले. हेबामेला हाक मारू का म्हणाले, तर मीच म्हटलं, नको, आता बरं वाटतंय. खरंच बरं वाटत होतं. इतकी माया केली त्यांनी त्या वेळी. हेबामे आपली आपण आली, तोवर तसेच बसलो होतो आम्ही.”

“आणि सर?”

“विसरले. सोंग नाही हं, खरंच विसरले. लोकांना सगळं सांगतात ना, त्यात ते कधीच येत नाही. मी नंतर डॉक्टरीणबाईंना एकटीने विचारलं होतं. त्या म्हणाल्या, तेवढ्या वेळाने काही फरक पडला नसता. मला पटलं. पण यांना पटणार आहे का? हा माणूस एका चापासाठी गाडीत सीटखाली झोपतो. त्यांना ते जॅकेट आठवलं, तर हे जगतील का?” त्यांनी फाटलेली पोळी घडी घालून डब्यात ठेवली. “माझ्यावर ठेवलंय ना त्यांनी, असू दे माझ्यावर.”

मी त्यांना सांगू पाहत होते की हे कुणावरच नाही. पण ते त्यांना माहीत होतं. माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

आतून सरांनी दाराच्या चौकटीवर दोनदा टकटक केलं. वहिनींनी हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाल्या, “तिला आडवं करायची वेळ झाली. ये, आत ये, तुला ओळखते ती.”

मुलगी मोठी झाली होती. अंगाने भरली होती, पाय लांब झाले होते. तिला उचलायला विम्यातून मिळालेलं एक यंत्र कोपऱ्यात उभं होतं, पट्टे लोंबकळत असलेलं. पण त्यात घातलं की ती किंचाळते, म्हणून दोघं हातानेच उचलत. सर एका बाजूला उभे होते. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. वहिनी दुसऱ्या बाजूला गेल्या. दोघंही एकमेकांकडे न बघता वाकले.

“घेतली?” सरांनी विचारलं.

“घेतली.”

दोघांनी एकाच क्षणी श्वास घेतला आणि ती खुर्चीतून वर आली. मधल्या त्या दोन-तीन पावलांत दोघांचे पाय बरोबर एकदम पडत होते. पलंगापाशी येऊन त्यांनी तिला हळूहळू खाली आणलं.

“सोडू?” वहिनी म्हणाल्या.

“थांब.” सरांचा एक हात अजून तिच्या मानेखाली होता. तो त्यांनी अगदी सावकाश, बोट बोट करत काढून घेतला.

“आता सोड.”